कोळसा, खडेमीठ आणि पंचवीस मीटर

अनसूयाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की हे काम फार तर दोन रविवारांचं आहे. आबांनी जे व्हर्नाक्युलर फायनलच्या जोरावर आणि एका पकडीच्या मदतीनं उभं केलं होतं, ते बी.ए., बी.टी. झालेल्या बाईला समोर वही ठेवून जमू नये याला काही कारण नव्हतं. शेवटी काम तरी काय? एक तार हवेत टांगायची, एक जमिनीत पुरायची आणि मधे रेडिओ ठेवायचा. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पडदा बांधण्याहून ते अवघड नसणार. पडदा त्यांनी सलग अकरा वर्षं बांधला होता आणि तो फक्त दोनदा पडला होता.

निमित्त झालं एका पोस्टकार्डाचं.

अनसूयाबाईंचे वडील आबा, म्हणजे भिकाजी येवले, लोणावळ्याच्या रेल्वे तार ऑफिसातून निवृत्त झाले होते. ते राहत त्या शेजारच्या वळवण गावात त्यांना सगळे तारमास्तर म्हणत. रोज संध्याकाळी साडेसातला ते बाहेरच्या खोलीत रेडिओपुढे बसत आणि लघुलहरींवर दूरदूरची केंद्रं शोधत. केंद्र लागलं, की आवाज कसा आला, किती वाजता बुडाला, मधे काय खरखरलं, हे सगळं इंग्रजीत लिहून त्या देशाला कळवत. मग त्या देशाकडून आभाराचं चित्रकार्ड येई. ट्रंकेत अशी दोनशे अकरा कार्डं होती. डोंगर, चर्च, बर्फावरून घसरणारी माणसं. आबा स्वतः पुण्याच्या पुढं कधी गेले नव्हते.

आषाढात आबा गेले. आणि भाद्रपदात हे कार्ड आलं. युरोपातल्या एका छोट्या देशाच्या केंद्रानं टाइप करून कळवलं होतं, की प्रिय श्री. येवले, आपलं मे महिन्यातलं पत्र मिळालं, येत्या चार ऑक्टोबरच्या, रविवारच्या, श्रोत्यांच्या पत्रांच्या कार्यक्रमात आम्ही ते वाचून दाखवू, जरूर ऐकावं.

अनसूयाबाईंनी ते कार्ड दारात उभ्या उभ्या तीनदा वाचलं. इतक्या वर्षांत त्या आबांबरोबर एकदाही रेडिओपाशी बसल्या नव्हत्या. साडेसात ही त्यांची वह्या तपासायची वेळ. आबा बाहेर, त्या आत, मधे दार. आबांनी कधी हाक मारली नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. आता आबांचं शेवटचं पत्र कुणीतरी परका माणूस मोठ्यानं वाचणार होता, एकदाच, आणि ते ऐकायला या घरात एकच माणूस उरलं होतं.

तीन आठवडे हातात होते.

रेडिओ जागेवर होता. बाकी काहीच नव्हतं. तेराव्याच्या मांडवाला बांबू कमी पडले, तेव्हा कुणीतरी एरियलचे दोन्ही बांबू उपटून लावले. एरियलच्या तारेनं पाण्याचं पिंप खांबाला आवळलं. अर्थिंगचा पाइप जमिनीतून काढून त्याला कनात बांधली. मांडव उतरला तेव्हा मांडववाला ते सगळं आपलंच समजून बैलगाडीत घालून घेऊन गेला. घरात दुःख असताना बांबू कोण मोजतं?

राहिली होती ती आबांची वही. तिच्यावर झोकदार अक्षरात ‘बिनतारी विद्या: मूळ शब्द’ असं लिहिलेलं होतं. आबांना बहुधा पुस्तक करायचं होतं. ते वीस पानांवर थांबलं होतं. अनसूयाबाईंनी ती वही परीक्षेच्या अभ्यासासारखी घेतली. महत्त्वाच्या वाक्यांखाली तांबड्या शाईनं रेघा मारल्या, समासात टिपणं केली, आणि दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्यावर त्यांना एकदम स्वतःचा राग आला.

वहीत लिहिलं होतं, की लाटेच्या एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतच्या अंतराला तरंगलांबी म्हणतात. मध्यम लहरी जमिनीच्या कडेकडेनं चालत येतात आणि थकतात. लघुलहरी वर जातात, आकाशातल्या एका थरावर आपटतात आणि उडी मारून खाली येतात. म्हणून जवळच्याला ऐकू येत नाही आणि हजारो मैलांवरच्याला स्पष्ट येतं. या वाक्याखाली अनसूयाबाईंनी रेघ मारली नाही. नुसत्या बराच वेळ बघत राहिल्या.

एरियलबद्दल आबांनी लिहिलं होतं: ‘एरियल म्हणजे हवेतली लाट पकडणारी तार. तार स्वतः काही करत नाही. लाटेच्या निम्म्या मापाची असावी आणि केंद्राकडे कूस करून टांगावी. टोकाकडून तिला कमी ऐकू येते.’

केंद्र पंचवीस मीटरवर होतं. म्हणजे तार साडेबारा मीटर, म्हणजे एकेचाळीस फूट. युरोप वायव्येला, म्हणजे तार नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. बाईंनी शाळेच्या भूगोलाच्या कपाटातून होकायंत्र आणलं आणि अंगणात उभं राहून दिशा धरली. एक टोक स्वतःच्या घराच्या आढ्यावर येत होतं. दुसरं टोक, शास्त्राला अगदी धरून, शेजारच्या झुंबरबाईच्या जांभळावर जात होतं.

झुंबरबाई साठीची, विधवा, आणि आवाजानं खणखणीत. तिच्या परवानगीशिवाय तिच्या जांभळावर कावळासुद्धा बसत नसे असं गावात म्हणत. अनसूयाबाईंनी तिला तरंगलांबीपासून समजावून सांगितलं. झुंबरबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“बांध की,” ती म्हणाली. “पर झाडाला करंट न्हाई ना यायचा? जांभळं खाणारी माणसं हायेत आमच्यात.”

झुंबरबाईकडं कामाला येणारा शिदू राजमाचीच्या वाटेवरच्या आपल्या वाडीतून, आढ्यावर उभा करायला, बांबू घेऊन आला. तोच जांभळावर चढला. बाईंनी खालून त्याला तार तीनदा सोडून पुन्हा बांधायला लावली, कारण मापात दोन फुटांचा फरक पडत होता. तिसऱ्यांदा शिदूनं फांदीवरूनच विचारलं, की बाई, येवढ्या लांबून आलेली लाट दोन फुटांसाठी माघारी जाईल व्हय? जाईल, असं बाईंनी ठामपणे सांगितलं. त्यांना काही कल्पना नव्हती.

मग राहिलं अर्थिंग. वहीतलं ते पान नेमकं फाटलेलं होतं. म्हणून बाई लोणावळ्याच्या बाजारात हौशीरामच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. हौशीराम तोंडात स्क्रू धरून बोलत असे, त्यामुळे त्याचं निम्मंच बोलणं बाहेर येई. जे बाहेर आलं ते असं: तांब्याचा पत्रा, भोवती कोळसा आणि खडेमीठ, तीन फूट खड्डा, आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी, एकदम ओतायचं नाही, सावकाश मुरवायचं. मुळं सुकली की रेडिओ बहिरा.

बाईंनी घरी येऊन विचार केला. कोळसा आणि मीठ नुसतंच खड्ड्यात टाकलं तर ते मातीत मिसळून सगळा चिखल होईल. त्यांना पसारा सहन होत नसे. त्यांच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या होत्या. म्हणून त्यांनी कुंभाराकडून एक नवं मडकं आणलं. त्यात तार जोडलेला तांब्याचा पत्रा उभा केला, भोवती कोळसा भरला, घरातलं खडेमीठ संपलं होतं म्हणून झुंबरबाईकडून वाडगाभर आणून वर घातलं. तोंडातून माती जाऊ नये म्हणून त्याला पांढरं धुवट फडकं बांधलं. हौशीरामनं मडक्याचं नाव काढलं नव्हतं. पण हौशीरामचं दुकान पाहिलं होतं कुणी? त्याला नीटनेटकेपणाचं काय सांगणार?

शाळेच्या आधी वेळ मिळतो म्हणून बुधवारी पहाट सरता सरता बाईंनी अंघोळ केली, आणि ओल्या केसांनी, पांढऱ्या लुगड्यात, ते फडकं बांधलेलं मडकं दोन्ही हातांनी खड्ड्यात उतरवलं. माती सारखी केली. मग तांब्यातून सावकाश पाणी सोडलं. एकदम पडू नये म्हणून त्या मान खाली घालून, मनात आकडे मोजत, जवळजवळ पाच मिनिटं तिथं उभ्या होत्या.

तो पितृपक्षाचा दुसरा दिवस होता. बाईंच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. आबांचं वर्ष व्हायचं होतं, त्यामुळं त्या साली त्यांना पक्ष घालायचा नव्हता. कुंपणापलीकडे झुंबरबाई दात घासत होती. तिनं घासणं थांबवलं.

दुपारपर्यंत वळवणच्या वरच्या आळीला कळलं, की चुलतभाऊ गोरखनं अस्थी आळंदीला नेल्या त्या निम्म्याच. निम्म्या लेकीनं ठेवून घेतल्या आणि आज अंगणात पुरल्या. संध्याकाळपर्यंत खालच्या आळीला कळलं, की मडक्यातून एक तार वर आली आहे आणि ती घरात रेडिओला जोडली आहे. यावर खालच्या आळीनं काय निष्कर्ष काढला हे बाईंना फार उशिरा समजलं.

त्यांना इतकंच दिसलं, की माणसं अचानक हळू बोलायला लागली. दूधवाल्यानं मापाच्या वर धार सोडली. शाळेच्या शिपाईणीनं त्यांची खुर्ची पुसली, जी तिनं अकरा वर्षांत पुसली नव्हती. तिसऱ्या दिवशी खड्ड्याशेजारी कुणीतरी पत्रावळीवर भाताचा मुटका ठेवून गेलं. बाईंना वाटलं कुणाचा नैवेद्य वाऱ्यानं इकडं आला. त्यांनी तो उचलून बाहेर टाकला. दुसऱ्या दिवशी दोन पत्रावळ्या होत्या.

भात म्हटल्यावर कावळे आले. आणि भात संपल्यावर ते बाईंच्या एकेचाळीस फूट तारेवर ओळीनं बसले. तार मधे झोळीसारखी लोंबली. आबांच्या वहीत कावळ्यांबद्दल एक शब्दही नव्हता, पण एक टोक जरी खाली आलं तरी कूस बदलते, एवढं गणित बाई करू शकत होत्या. त्या काठी घेऊन बाहेर धावल्या.

पितृपक्षात कावळ्याला जो मान असतो, तो अधिक महिन्यात जावयालाही नसतो. सगळं गाव घराच्या पाख्यावर वाढून ठेवून, हात जोडून, काव काव करून त्याला बोलावत होतं. आणि वळवणमध्ये एक बाई काठी घेऊन त्याला हाकलत होती. तेही सकाळ-संध्याकाळ, तेही ओरडून. झुंबरबाईनं कपाळाला हात लावला आणि तिथून ती थेट आपल्या दिराकडं गेली.

दीर म्हणजे रखमाजी. गावात कुणाचं काही बिघडलं, की रखमाजींनी मधे बसायचं, असा रिवाज होता, आणि तो त्यांना आवडायचा.

इकडे शनिवारी संध्याकाळी बाईंनी पहिल्यांदा रेडिओ लावून पाहिला. काट्याशेजारच्या दिव्याचा हिरवा डोळा उघडला. आतून पोहे भाजल्यासारखा आवाज आला. पंचवीस मीटरवर काटा केसाकेसानं फिरवल्यावर एक बाप्या बोलताना ऐकू आला, पण विहिरीच्या तळातून बोलावा तसा, आणि तोही लगेच बुडाला. बाईंनी खड्ड्यात आणखी दोन तांबे पाणी घातलं. काही फरक पडला नाही. त्यांनी शाळेच्या शिपायाकरवी हौशीरामला निरोप धाडला, की उद्या संध्याकाळी सातपर्यंत काहीही करून यावं. रात्री त्यांना बराच वेळ झोप लागली नाही. पडद्याच्या वेळी असं कधी झालं नव्हतं.

रविवारी दुपारी तीन वाजता रखमाजी चार माणसं घेऊन आले. झुंबरबाई दाराशी बसली. रखमाजींनी आधी शाळेची चौकशी केली, मग भातावर पडलेल्या रोगाची माहिती दिली, मग घसा साफ केला.

“बाई, जे गेलं त्याला असं बांधून ठिवू न्हाई.”

अनसूयाबाईंना वाटलं जांभळावरच्या तारेविषयी चाललं आहे. आजचाच दिवस, असं त्यांनी सांगितलं; उद्या त्या सगळं सोडणार होत्या.

“आज काय हाय?”

“आज साडेसातला आबांचं बोलणं आहे. म्हणजे त्यांनी लिहिलेलं, ते तिकडून ऐकू येणार आहे.”

चारही माणसांनी एकमेकांकडं पाहिलं.

“आन् ते पाणी घालता त्ये?”

“घालावंच लागतं, भाऊ. नाहीतर आवाज येत नाही.”

“मंग येतो व्हय आवाज?”

“नीट नाही अजून. काल थोडा आला. विहिरीतून आल्यासारखा.”

चौघांतला भिमाजी उठला आणि बाहेर जाऊन चपला घालून उभा राहिला. रखमाजींनी कपाळावरचा घाम पुसला. शेवटी झुंबरबाईनंच तोंड उघडलं. आडवळणानं बोलायची तिला सवय नव्हती.

“अनसू, त्या मडक्यात तुझ्या बापाच्या अस्थी हायेत का न्हाईत, येवढं सांग.”

अनसूयाबाईंना मग एकेक करून सगळं दिसलं. पत्रावळ्या, खुर्ची, दुधाची धार. त्यांना हसू यायला हवं होतं, आलं नाही. मडक्यात कोळसा आणि मीठ आहे, असं त्यांनी सांगितलं. ते त्यांच्या आवाजात इतकं खोटं वाटलं, की क्षणभर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. रखमाजी मायेनं म्हणाले, की शिकलेलं माणूस असं पटकन कबूल करत नाही, आमी समजतो. झुंबरबाईनं त्याहून सोपं केलं. जोवर मडकं अंगणात, तोवर तिच्या झाडाला तार नाही. तिनं बाहेर जाऊन हाक मारली, आणि शिदूनं जांभळावर चढून गाठ सोडली. एकेचाळीस फूट तार सळसळत गवतात पडली.

पावणेचार वाजले होते.

“खणा,” अनसूयाबाई म्हणाल्या.

मडकं वर आलं. फडकं सोडलं. आत काळे तुकडे होते, त्यांच्यात अर्धवट विरघळलेले पांढरे खडे होते, आणि ज्याला जे बघायचं होतं ते त्याला दिसत होतं. माणसांनी हात जोडले. अनसूयाबाई पुन्हा म्हणाल्या, की हे मीठ आहे.

तेव्हा झुंबरबाई पुढं झाली, वाकली, मडक्यातला एक पांढरा खडा चिमटीत धरला आणि जिभेला लावला.

भिमाजीनं डोळे मिटून घेतले.

“मीठ हाय,” झुंबरबाई म्हणाली. मग आणखी एकदा चव घेतली. “माझंच हाय. वाडगा अजून परत आला न्हाई.”

इथं प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण रखमाजी खड्ड्याच्या काठावर बसले ते उठेनात. हळूहळू बाहेर आलं, की नदीवर तीन वाजल्यापासून गुरुजी येऊन बसले आहेत. दोन्ही आळ्यांतली चाळीसएक माणसं जमली आहेत. शेजारच्या वाड्यांवरूनही काही आली आहेत. तारमास्तरांच्या उरलेल्या अस्थींची सोय मी लावतो, असं रखमाजींनी सगळ्यांना सांगितलं होतं. आता तिथं जाऊन मीठ निघालं म्हणून कसं सांगायचं? त्यांचं तोंड बघवत नव्हतं. भर वर्गात कविता विसरलेल्या मुलीसारखं झालं होतं.

“बाई,” ते म्हणाले, “मडकं तरी द्या.”

बाईंनी पत्रा आणि तार मडक्यातून ओढून काढली, चिखल झालेल्या खड्ड्यात तशीच सोडली, आणि मडकं त्यांच्यापुढं केलं. रखमाजींनी ते घेतलं नाही.

“तुमी चला की. तुमच्याच हातानं सोडा.”

“बायकांनी जायचं नसतं ना, भाऊ?”

आषाढात हेच त्यांना सांगण्यात आलं होतं. गोरख अस्थींची पिशवी घेऊन एस.टी.त बसला, आणि त्या वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभ्या होत्या. नंतर आत येऊन त्यांनी वह्या तपासल्या होत्या. सगळ्या वह्यांवर एकच शेरा पडला होता, हे मुलींनी नंतर दाखवलं.

रखमाजींनी मान खाजवली, मडक्यात डोकावून पाहिलं आणि बराच विचार केला.

“मीठ सोडायला काय हरकत हाय?” ते म्हणाले.

तेव्हा अनसूयाबाई निघाल्या. पुढं मडकं घेऊन त्या, मागं रखमाजी, त्यांच्या मागं झुंबरबाई. घड्याळाकडं त्यांचं सारखं लक्ष होतं. नदीवर माणसं बाजूला झाली. गुरुजींना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते मनापासून मंत्र म्हणत होते. मधेच त्यांनी मृताचं नाव विचारलं. कुणीतरी पुढं होऊन सांगेल म्हणून बाईंनी वाट पाहिली. कुणी सांगितलं नाही.

“भिकाजी,” त्या म्हणाल्या. “भिकाजी येवले.”

पंचाहत्तर दिवसांत ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी मडकं तिरकं केलं. मीठ पाण्याला लागलं आणि दिसेनासं झालं. कोळशाचे काही तुकडे बुडाले, काही तरंगत निघाले, एकामागं एक, कामशेतच्या दिशेनं. आणि अनसूयाबाई रडायला लागल्या, त्या थांबेचनात. कोळशासाठी कुणी इतकं रडलेलं वळवणनं तोवर पाहिलं नव्हतं. ज्यांना मिठाचं माहीत होतं, ती सगळी माणसं दुसरीकडं बघत उभी राहिली.

परत येताना सात वाजले. चाळीस माणसं मागून आली. नदीवरून परत येऊन मृताच्या दाराशी टेकायचं असतं म्हणून काही आली. उरलेली, तो आवाज कसला ते बघायला. दारात हौशीराम तोंडात स्क्रू धरून उभा होता. त्यानं खड्डा पाहिला होता, चिखलात पडलेला पत्रा पाहिला होता, तो पायानं आत दाबून वर दोन बादल्या पाणी ओतलं होतं आणि खोऱ्यानं माती लोटली होती. अनसूयाबाईंनी त्याला घाईघाईनं मडक्याचं सांगितलं. त्यानं पहिल्यांदाच स्क्रू हातात काढून घेतला.

“मडक्यात अर्थिंग? अहो बाई, म्हणजे छत्री उघडून अंघोळ केल्यासारखं झालं. पत्रा मातीला लागायला नको का? बरं झालं कुणीतरी ते काढलं. शहाणा माणूस असणार.”

रखमाजींनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं.

झुंबरबाईनं न सांगता शिदूला जांभळावर पिटाळलं. दिवस मावळला होता. शिदूनं चाचपून गाठ मारली. या वेळी कुणी माप घेतलं नाही.

साडेसातला दोन मिनिटं कमी असताना अनसूयाबाई आबांच्या खुर्चीत बसल्या. खोलीत पंधरा माणसं, ओटीवर दहा, बाकीची खिडकीला. हिरवा डोळा उघडला, आणि काटा पंचवीस मीटरवर आल्याबरोबर हळूच मिटत गेला; म्हणजे केंद्र जोरात लागलं. घंटा वाजल्या. एक माणूस, शेजारच्या खोलीतून बोलावा इतका स्पष्ट, इंग्रजीत शुभ संध्याकाळ म्हणाला. बाहेर भिमाजीनं पुन्हा चपला घातल्या.

आधी दुसऱ्या दोन देशांची पत्रं झाली. मग तो माणूस म्हणाला, की आता भारतातून, लोनावाला इथून, मिस्टर बिकाची येवाले लिहितात. आणि तिथंच आवाज बुडाला. नुसती खरखर उरली. हौशीरामचा हात आपोआप बटणाकडं गेला. अनसूयाबाईंनी तो धरला. वहीच्या अठराव्या पानावर लिहिलं होतं: ‘आवाज बुडाला तर बटण फिरवू नये. लाटा दोन वाटांनी येतात, कधी एकमेकींना खातात. थांबावे. परत येते.’ त्या थांबल्या. चाळीस माणसं, काय चाललं आहे ते न कळता, त्यांच्याबरोबर थांबली.

आवाज परत आला.

पत्र चार ओळींचं होतं. आवाजाचा जोर चांगला. बुडणं संथ. हवेतला गोंगाट थोडा. स्थानिक अडथळा: शेजारीणबाई रोज याच वेळी आपल्या म्हशीला हाका मारतात, म्हशीचं नाव चंद्री, ती परत येईपर्यंत बातम्यांतली पहिली चार मिनिटं ऐकू येत नाहीत. घरातला अडथळा: काहीही नाही. आपला, बी. येवले.

तो माणूस मोकळेपणी हसला, चंद्री खुशाल असेल अशी आशा त्यानं बोलून दाखवली, आणि ब्राझीलच्या पत्राकडं वळला.

झालं. तीन आठवडे, एकेचाळीस फूट, एक वाडगा मीठ.

झुंबरबाई मात्र ताठ बसली होती. एवढ्या इंग्रजीतून तिला एक शब्द लख्ख ऐकू आला होता.

“चंद्री म्हनला त्यो,” ती म्हणाली. “दोनदा म्हनला.”

सगळे बाईंकडं वळले. बाईंनी पत्र पहिल्यापासून मराठीत सांगितलं. जोर, बुडणं, गोंगाट, हाका, म्हैस. झुंबरबाईनं प्रत्येक शब्द गिळल्यासारखा ऐकला. तारमास्तरानं आपल्याला तोंडावर कधी काही म्हटलं नाही, आणि परदेशात जाऊन तक्रार केली, यावर रागवावं की काय, हे तिला ठरवता येईना. बाकीची माणसं तिच्याकडं आदरानं बघायला लागली होती. शेवटी तिनं रागवायचं नाही असं ठरवलं.

“आन् तुझं काय म्हनला?”

“घरातला अडथळा काही नाही, एवढंच.” अनसूयाबाई म्हणाल्या. “मी आत वह्या तपासत असायचे. आवाज नाही करायचे.”

झुंबरबाईनं त्यावर विचार केला. मग मान हलवली.

“मंग माझी चंद्री बरी,” ती म्हणाली. “वरडली म्हनून तिचं नाव तरी निघालं.”

अनसूयाबाई चाळीस माणसांच्या चहाचं आधण ठेवायला उठल्या. आणि घरात दूध पावशेरच असल्यामुळं, वाडगा परत करायच्या निमित्तानं, चंद्रीचंच मागून आणावं लागलं.